हिरव्या दोऱ्याची बाटली

ताईंचा हुद्दा तंत्रज्ञाचा होता आणि पगारपत्रकावर तो स्वच्छ टंकलेलाही असे. पण प्रयोगशाळेत त्या हुद्द्याने त्यांना कोणी हाक मारल्याचे ऐकिवात नव्हते. एकोणतीस वर्षांपूर्वी त्या काचसामान धुण्यासाठी म्हणून तिथे लागल्या. हातात नळीचा ब्रश, समोर बेसिन, आणि बेसिनवर एवढीशी खिडकी की तिच्यातून फक्त शेजारच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसत. धुतलेल्या बाटलीत जराही साबण राहिला तर तिच्यात वाढणाऱ्या पेशी मरतात हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले, आणि तेव्हापासून त्यांनी प्रत्येक बाटली सात वेळा नळाच्या आणि तीन वेळा ऊर्ध्वपातित पाण्याने विसळण्याचा नेम धरला. सहाव्या विसळणीनंतर कोणी ‘झाली की हो स्वच्छ’ म्हणाले, तर त्या म्हणत, “तुम्हाला दिसतेय ना? मग ठीक. पेशींना दिसायची अजून राहिलीय.”

या वाक्यावरच त्यांना बढती मिळाली, असे सगळे गमतीने सांगत. खरे म्हणजे आधीच्या प्रमुखांनी त्यांचे हात पाहिले होते. पुढच्या वीसएक वर्षांत पेशींचे माध्यम, म्हणजे ज्या लालसर पाण्यात पेशी राहतात, खातात आणि वाढतात ते पाणी, ताईंशिवाय कोणी करीनासे झाले. त्याच्या रंगावरून त्या पेशींची खुशाली सांगत. लाल असेल तर पेशी अजून सुस्त आहेत. नारिंगीकडे झुकले तर खाऊनपिऊन वाढताहेत. पिवळे पडले तर उपाशी आहेत, धावा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी ताई इन्क्युबेटरच्या काचेच्या दारातूनच निदान करीत आणि ते क्वचितच चुके. सारे आयुष्य न बोलणाऱ्या जिवांना भरवण्यात गेल्यामुळे बोलणाऱ्या माणसांच्या खाण्यापिण्याच्या तक्रारींकडे मात्र त्या काणाडोळा करीत. “तोंड आहे ना तुम्हाला? मग मागून घ्या,” हे त्यांचे घरीदारी सारखेच उत्तर.

घरी होते मास्तर. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शिवणकामाचे दुकान, दोन मशीन, एक इस्त्री आणि भिंतीवर रिळांची फळी. नव्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतले मुख्य काम समजावून देताना ताई या दुकानाचाच दाखला देत. त्या सांगत, “आमच्या मास्तरांनी एकदा नवा दोरा आणला. रंग तोच, जाडी तीच, सुईत सरळ ओवला गेला. सहा शर्ट शिवले. दिसायला झकास. पहिल्या धुण्यात सहाच्या सहा शर्टांच्या बाह्या गळून पडल्या! तसंच हे. पेशी अमिनो आम्लं गुंफून प्रथिनं करते. एका रानशेंगेच्या बीत हुबेहूब आर्जिनीनसारखं दिसणारं आम्ल असतं, कॅनाव्हानिन. तोतया. पेशीला तो ओळखता येत नाही, ती त्याला बिनदिक्कत गुंफते. प्रथिन तयार होतं, पण कामाला लावलं की गळपटतं. मग पेशी मरते.”

“मग ताई, काही पेशी जगतात कशा?”

“तेच तर शोधतात इथे. एखादीच्या घरात खरा दोरा इतका तयार होतो, इतका, की तोतयाला सुईपर्यंत पोचायला जागाच मिळत नाही. लाखांत एखादी. तिचं घराणं वाढवायचं आणि तिला विचारायचं, बाई गं, तुझं गुपित काय?”

हे सगळे सांगून झाले की ताई आवाज खाली आणून मुख्य धोक्याकडे वळत. पेशींना वाढीसाठी माध्यमात सीरम घालावे लागते, आणि सीरममध्ये आयते, मोकळे आर्जिनीन असते. ते माध्यमात गेले की साध्यासुध्या पेशींनाही खरा दोरा फुकटात मिळतो. तोतया हरतो, आणि ज्यांच्या अंगात काही नाही त्याही पेशी शूर ठरतात. म्हणून अशा प्रयोगासाठी सीरम आधी डायलिसिसच्या पिशवीत भरून, दोन दिवस थंड खोलीत खारट पाण्यात बुडवून, त्यातले लहानसहान रेणू काढून टाकावे लागतात. डायलिसिस केलेले आणि न केलेले सीरम दिसायला एकच: मधासारखे, किंचित धुरकट. त्यांत फरक कळावा म्हणून ताईंनी मास्तरांच्या फळीवरून हिरव्या दोऱ्याचे एक रीळ आणून ठेवले होते. डायलिसिस झालेल्या बाटलीच्या गळ्यात हिरवा दोरा, आणि दोऱ्याला कापडाची चिठ्ठी, तिच्यावर बाटलीचा क्रमांक. बिनदोऱ्याची ती साधी. संस्थेत दोन संचालक बदलले, फ्रीजर तीन बदलले, पण हिरवा दोरा बदलला नाही.

त्या वर्षी प्रयोगशाळेत जी सर्वांत लहान विद्यार्थिनी होती, तिला सगळे शेंडेफळ म्हणत. वजनाने हलकी, बोलण्यात घाई, आणि रडू आले की चष्मा पुसण्याचे निमित्त. पीएचडीचे हे तिचे शेवटचे वर्ष. प्रबंधाची मुदत तिने एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. कॅनाव्हानिनला न जुमानणाऱ्या पेशींच्या बारा वसाहती तिने मिळवल्या होत्या, पण त्या बारांनी तिला रडकुंडीला आणले होते. आर्जिनीन घरच्या घरी तयार करणारे एन्झाइम वाढले असणार, अशी तिची अटकळ. आणि ते वाढलेले सापडले फक्त सातव्या वसाहतीत, चांगले वीसपटीने. उरलेल्या अकरांत ते अगदी सामान्य. मग त्या जगल्या कशावर? त्यात भर म्हणजे साध्या पेशी, ज्यांनी कॅनाव्हानिनमध्ये पाचव्या दिवशी मरायला हवे, त्या दहा-दहा दिवस रेंगाळत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दोष कॅनाव्हानिनच्या पावडरला दिला. पुरवठादाराला तीन पत्रे गेली, तीनदा नवी पावडर आली, आणि तिन्ही वेळा साध्या पेशींनी मरणाची तीच टाळाटाळ केली.

“पावडर नाही, पिठीसाखर पाठवतो मेला,” मॅडम म्हणत.

शेंडेफळाने अकरा वसाहतींसाठी एक लांबलचक, तीन फाटे फुटलेला खुलासा लिहायला घेतला होता. तिचा तिलाच तो पटत नव्हता. ताईंना ती म्हणाली होती, “परीक्षकांनी दुसराच प्रश्न विचारला ना, की मी खुर्चीसकट खाली जाणार.”

ताईंच्या निवृत्तीला तेव्हा सहा आठवडे उरले होते. जाण्याआधी घर आवरून द्यावे तसा त्यांनी उणे वीसचा फ्रीजर आवरायला काढला. बर्फाचे पोपडे उलथन्याने सोडवत त्या खालच्या खणाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचल्या आणि तिथे, बर्फात अर्धी रुतलेली, एक भरलेली बाटली त्यांच्या हाताला लागली. गळ्यात हिरवा दोरा. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात: चार.

शेंडेफळाच्या कामासाठी ताईंनी सहा बाटल्या सीरम डायलिसिस करून ठेवले होते. नोंदवहीत सहाही वापरल्याची नोंद होती. मग चौथी इथे काय करीत होती?

त्यांनी वही उघडली. चौथ्या बाटलीसमोरची तारीख पाहिली आणि त्या जवळच्या स्टुलावर बसल्या. ती तारीख विसरणे त्यांना शक्य नव्हते. त्या दिवशी सकाळी साडेदहाला लेकीच्या सासूबाईंचा फोन आला होता: मुलगी झाली, दोघी सुखरूप. ताई आजी झाल्या होत्या. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या, मॅडमनी मिठी मारली, कोणीतरी ‘आजीबाई, काठी आणू का’ म्हणाले. त्या आनंदात त्यांनी फ्रीजरमधून दोन बाटल्या काढून कोमट पाण्याच्या टाकीत वितळायला ठेवल्या: एक दोऱ्याची, एक साधी. निदान त्यांना तसे वाटले. तासाभराने पाहतात तर दोन्ही बाटल्यांना दोरा नाही. टाकीत दोरा सुटण्याचे प्रकार आधी झाले होते. त्यांनी बाही वर करून पाण्यात हात घालून तो शोधलाही. नाही सापडला. ‘गेला असेल जाळीखाली’ असे म्हणून त्यांनी अंदाजाने एक बाटली उचलली, वहीत क्रमाने येणारा चारचा आकडा लिहिला आणि पाच लिटर माध्यम केले. दोरा पाण्यात नव्हताच. तो इथे, बर्फात होता.

त्याच पाच लिटरांवर शेंडेफळाच्या बारा वसाहती निवडल्या गेल्या होत्या. पुढे त्या तपासल्या गेल्या त्याही त्याच माध्यमात, कारण एका प्रयोगाला एकाच घाण्याचे माध्यम वापरायचे, हा दंडक खुद्द ताईंनीच घालून दिलेला. चूक एका ठिकाणी झाली आणि शिस्तीने ती सगळीकडे नेऊन पोचवली.

प्रयोगशाळेत त्या वेळी कोणी नव्हते. बाटलीचा दोरा कापून ती साध्या बाटल्यांत ढकलून दिली असती तर ब्रह्मदेवालाही कळले नसते. ताईंनी कात्री हातात घेतली होती हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. मग त्यांनी कात्री खणात ठेवली आणि बाटली दोऱ्यासकट परत फ्रीजरमध्ये, पण आता सर्वांत वरच्या खणात, समोरच ठेवली.

संध्याकाळी घरी न जाता त्या सरळ दुकानात गेल्या. मास्तर एका कोटाच्या अस्तराशी झटत होते. ताईंनी सगळे सांगितले. मास्तरांनी मशीन थांबवले नाही; ते त्यांचे ऐकण्याचेच लक्षण होते.

“एकोणतीस वर्षांत एक,” ताई म्हणाल्या. “आणि तीही जाता जाता.”

“एकच सापडली म्हण,” मास्तर म्हणाले. “बाकीच्यांना दोरा नव्हता म्हणून त्या सापडल्या नसतील.”

“तुम्हाला थट्टा सुचतेय! त्या पोरीचं वर्ष जाईल अहो. तीन महिने त्या अकरांच्या मागे वेडी झालीय ती. आणि मी, मी तिला काय सांगू? तुझ्या बाराही वसाहती माझ्या नातीच्या आनंदात जगल्या म्हणून?”

“बाराही?” मास्तरांनी मशीनवरचा पाय थांबवला. “तू तर म्हणत होतीस एकीत ते काय ते वीसपट आहे.”

“आहे.”

“मग?”

“मग काय सांगता येतंय? आता त्या एकीवर तरी कोण विश्वास ठेवील?”

मास्तरांनी कोट उलटा केला आणि अस्तराची शिवण ताईंसमोर धरली. “हे बघ. हे मी काल घातलंय आणि वाकडं गेलंय. वरून दिसत नाही. गिऱ्हाइकाला तर मुळीच दिसणार नाही. पण मला ठाऊक आहे. आता दोन रस्ते. एक तर हे घालून तो माणूस लग्नाला जाईल आणि वाकला की टर्र होईल. नाहीतर मी आत्ता उसवतो. शिवण उसवायची लाज वाटली की कापड जातं, एवढं मला कळतं. तुमच्या पेशींचं मला काही कळत नाही.” थोडे थांबून ते म्हणाले, “आणि तो हिरवा दोरा माझ्या दुकानाचा आहे, हे तिथे सांगू नकोस. धंद्याची अब्रू जाईल.”

ताईंना हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले. मास्तरांनी मशीन पुन्हा सुरू केले. उसवण्याआधी टाका कुठे चुकला ते पाहावे लागते, असे काहीसे ते पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मॅडम आणि शेंडेफळ दोघींना एकत्रच बोलावले, म्हणजे तेच पुन्हा सांगण्याची वेळ येऊ नये. वही उघडी ठेवली, बाटली टेबलावर ठेवली. चार वाक्यांत सगळे सांगितले. बाटलीवर दव धरले होते आणि तिच्याखाली टेबलावर पाण्याचे वर्तुळ उमटत होते.

पहिल्यांदा बोलली शेंडेफळ. “म्हणजे माझ्या बाराही...” आणि तिने चष्मा काढला.

मॅडम वहीकडे पाहतच राहिल्या होत्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो ताई! तीन पत्रं लिहिली मी त्या पावडरवाल्याला! शेवटच्या पत्रात काय काय लिहिलंय माहितीय? आता माफीचं पत्र कोण लिहिणार?”

“मी लिहिते,” ताई म्हणाल्या.

“तुम्ही कशाला? शिव्या मी दिल्यात.” मॅडमनी बाटली उचलून उजेडात धरली. “थांब, चष्मा पुसणं बंद कर तू. विचार कर. साध्या पेशी मरत नव्हत्या, का?”

“सीरममधल्या आर्जिनीनमुळे,” शेंडेफळ नाक ओढत म्हणाली.

“अकरा वसाहतींत एन्झाइम का नव्हतं?”

शेंडेफळाने वहीकडे पाहिले. मग तिचे डोळे मोठे झाले. “कारण त्या... त्यांना गरजच नव्हती. त्या साध्याच असतील.”

“असतील. ‘असतील’वर प्रबंध मिळत नाही. ताई, ही बाटली चांगली आहे?”

“चार महिने बर्फात आहे. हात लागलेला नाही कोणाचा. माझासुद्धा नाही,” ताई म्हणाल्या, आणि स्वतःलाच लावून घेतलेला हा टोला त्यांना जरा बरा वाटला.

त्याच बाटलीचे माध्यम झाले. ताईंनी ते केले, पण या वेळी शेंडेफळ शेजारी उभी राहिली आणि प्रत्येक पायरी मोठ्याने वाचून तिने तिच्यापुढे खूण केली. कॅनाव्हानिन पडले ते पुरवठादाराच्या त्याच बदनाम पावडरीतून. तेरा डिश मांडल्या: बारा वसाहती आणि तेरावी साध्या पेशींची. साध्या मेल्या पाहिजेत. त्या मेल्या तरच माध्यमावर भरवसा ठेवता येईल. आणि मग बारांपैकी कोण उरते ते पाहायचे. एकही उरली नाही तर शेंडेफळाच्या हाती चार वर्षांचे काहीच उरणार नव्हते. हे तिघींनाही ठाऊक होते.

पहिले तीन दिवस काहीच घडले नाही. पेशी काचेच्या तळाला चिकटून होत्या, सगळ्या सारख्या. शेंडेफळ दर दोन तासांनी इन्क्युबेटरशी घुटमळे, अखेर ताईंनी तिला बजावले, “सारखं दार उघडू नकोस. त्यांना थंडी वाजते.” चौथ्या दिवशी तेराव्या डिशमधल्या साध्या पेशी गोल होऊ लागल्या. पाचव्या दिवशी त्या तळ सोडून पाण्यात तरंगत होत्या, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम मेलेल्या. चार महिन्यांत प्रथमच.

“मेल्या!” शेंडेफळ सूक्ष्मदर्शकावरून ओरडली. शेजारच्या प्रयोगशाळेतला माणूस दारात येऊन विचारू लागला की कोण.

“साध्या पेशी,” ताई म्हणाल्या. “आनंदाची बातमी आहे, जा तुम्ही.”

पावडर निर्दोष सुटली. पण ताईंची धास्ती अजून गेली नव्हती. त्या दिवशी इतर डिशमध्येही गोल पेशी दिसू लागल्या होत्या. पहिली, दुसरी, पाचवी, नववी. शेंडेफळ आकडे लिहीत होती आणि तिचे अक्षर बारीक बारीक होत चालले होते.

सहाव्या दिवशी सकाळी ताई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आल्या. कुलूप काढले, कोट चढवला. इन्क्युबेटरचे बाहेरचे दार उघडले; आतले काचेचे दार त्यांनी उघडले नाही. फळीवर तेरा डिश दोन ओळींत होत्या. बारा डिश लाल होत्या, जशा भरल्या तशाच, कारण त्यांत खाणारे कोणी उरले नव्हते. सातवी नारिंगी झाली होती.

ताई तशाच उभ्या राहिल्या. पाचवा मजला चढून आल्यावर पिशव्या खाली ठेवाव्यात, तसे त्यांना झाले. सूक्ष्मदर्शकाची त्यांना गरज नव्हती. तरीही, आपल्या निदानावर या महिन्यात तरी कोणी विसंबू नये म्हणून, त्यांनी डिश काढून पाहिली. पेशी तळभर पसरल्या होत्या, अंगाला अंग लावून, मधूनमधून एकीच्या दोन होत असलेल्या.

शेंडेफळ आली तेव्हा ताई इन्क्युबेटरचे बाहेरचे दार धरून बाजूला झाल्या. शेंडेफळाने काचेतून पाहिले. गेल्या चार वर्षांत तिनेही रंग वाचायला शिकून घेतले होते. ती ताईंच्या गळ्यात पडली, इतक्या जोरात की ताईंच्या चष्म्याची दांडी वाकली.

“एकच उरली ताई!”

“एकच पुरते गं. बाकीच्या अकरा फुकट्या होत्या.”

“मला तो तीन फाट्यांचा खुलासा लिहायला नको!”

“लिहिला असतास तर मी वाचला नसता,” मागून मॅडम म्हणाल्या. त्याही लवकर आल्या होत्या, आणि का ते कोणी विचारले नाही. “आता सरळ लिही. बारा होत्या, अकरा का गळाल्या, एक का राहिली. चुकीच्या सीरमचं पान गाळू नकोस. तुझ्या प्रबंधातलं सगळ्यांत भक्कम पान तेच असेल. तोतया आणि खरा वेगळे कसे काढायचे ते त्यात आहे. आणि ताई, मी रात्री माफीचं पत्र लिहिलं. त्या माणसाला ते पहिल्या तीन पत्रांपेक्षा जड जाणार, बघा तुम्ही.”

त्या दुपारी ताईंनी नोंदवहीतल्या जुन्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लाल शाईने लिहिले: ‘डायलिसिस न केलेले सीरम चुकून वापरले.’ तारीख घातली आणि सही केली. एकोणतीस वर्षांच्या वह्यांत लाल शाईची ती पहिली ओळ होती. ती पाहून आपल्याला वाईट वाटेल असे त्यांना वाटले होते. वाटले नाही. उलट, इतकी वर्षे बिनडाग वह्या सांभाळण्याचा जो ताण मानेत कुठेतरी बसला होता तो सैल झाला.

संध्याकाळी त्या दुकानात शिरल्या तेव्हा मास्तर गिऱ्हाइकाला तोच कोट घालून दाखवत होते. तो माणूस वाकून, हात वर करून पाहत होता. काही उसवले नाही. तो गेल्यावर मास्तरांनी विचारले, “उसवलं?”

“उसवलं.”

“कापड?”

“शाबूत आहे.”

मास्तरांनी मान हलवली, जणू त्यांना हे आठवडाभर ठाऊक होते. पण त्यांनी लगेच खाली बसून जे पाणी प्यायले त्यावरून तसे नसावे.

“आता मला तुमची गाठ शिकवा,” ताई म्हणाल्या. “पाण्यात न सुटणारी. जाण्याआधी त्या पोरीला शिकवून जायचीय.”

“इतकी वर्षं साधी गाठ मारत होतीस?” मास्तर खरोखर दचकले. “शिंप्याची बायको?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“तोंड आहे ना तुला? मागून घ्यायचं,” मास्तर म्हणाले, आणि रिळांच्या फळीकडे हात लांबवून त्यांनी हिरवा दोरा खाली काढला.